गळती, ओल आणि दव : शीतयंत्राच्या नळीची कथा

घाणेवाडीच्या जलाशयातून जालना शहराला नळाने पाणी येते. त्या नळाला कोठे गळती लागली तर रस्ता ओला होतो, चार माणसे जमतात, पालिकेच्या नावाने बोटे मोडली जातात आणि उशिरा का होईना, कोणीतरी येऊन नळ दुरुस्त करतो. पाण्याची गळती स्वतःच ओरडून सांगते. परंतु आपल्या घराच्या भिंतीवर जे शीतयंत्र बसलेले असते त्याच्या नळीची गळती मुकी असते. डाग पडत नाही, आवाज येत नाही, बहुधा वासही येत नाही. फक्त दुसऱ्या उन्हाळ्यात खोली थंड होईनाशी होते. मग मेकॅनिक येतो, ‘साहेब, गॅस संपला’ असे सांगतो, गॅस भरतो, पैसे घेतो. आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तोच प्रवेश पुन्हा होतो.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, शीतयंत्रातला गॅस संपत नसतो. तो काही स्कूटरमधले पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, झिजत नाही. तोच तो गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि यंत्राचे आयुष्य असेतोवर त्याने तसेच फिरावे अशी योजना असते. तो कमी झाला याचा अर्थ एकच, तो कोठून तरी गळला. गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतण्यासारखे आहे.

या यंत्राचे काम मोटेसारखे आहे. मोट पाणी उत्पन्न करीत नाही. विहिरीतले उपसून पाटात टाकते. शीतयंत्रही थंडी उत्पन्न करीत नाही; खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकते. खोलीतल्या युनिटमध्ये द्रवरूप शीतक कमी दाबाखाली उकळते आणि उकळताना उष्णता पिऊन घेते. बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, ती तापते, वाऱ्यावर उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. हाच खेळ उलट दिशेने चालवला तर बाहेरची उष्णता आत आणता येते. त्यालाच उष्णता-पंप म्हणतात. ही कल्पना ब्रिटनमधील शास्त्रज्ञ विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५२ साली मांडली होती. आज होटेलांत व वसतिगृहांत न्हाणीचे पाणी तापवण्यासाठी असे पंप बसू लागले आहेत, आणि उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात गरम अशी दोन्ही कामे करणारी यंत्रे बाजारात आहेतच.

आतले युनिट आणि बाहेरचे युनिट कारखान्यात तयार होतात. तेथे तपासणी असते, कोरड्या खोल्या असतात, मोजमापे असतात. पण त्या दोघांना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या, दीड टनी यंत्राला बहुधा एक पाव इंची व एक अर्धा इंची, या तुमच्या घरी, गच्चीवरच्या उन्हात, एका दुपारी जोडल्या जातात. म्हणजे यंत्राचा शेवटचा काही फूट भाग कारखान्यात नव्हे, तुमच्या घरी तयार होतो. कारखान्याने वर्षभर घेतलेली काळजी त्या दुपारच्या दोन तासांत वाया जाऊ शकते. ते दोन तास कसे खर्चावेत एवढाच आमच्या विषयाचा आवाका आहे.

प्रथम गळतीचा विचार करू. नळीचे टोक कर्ण्यासारखे पसरवून पितळी नटाने आवळतात, त्याला फ्लेअर म्हणतात. किंवा दोन नळ्या डाख देऊन जोडतात. गळती बहुधा या सांध्यांतच असते. आता या सांध्यांना केवढा दाब सोसावा लागतो? शिट्टी होणाऱ्या प्रेशर कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बार जास्त दाब असतो. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार. आजकालच्या यंत्रांत जो आर-३२ नावाचा शीतक असतो त्याचा दाब जालन्याच्या मे महिन्यात यंत्र नुसते बंद असतानाही २० बारांच्या पुढे जातो, आणि चालू यंत्रात तापलेल्या बाजूला तो ३५ बारांपर्यंत चढतो. खोली थंड करताना ही तापलेली बाजू बहुतेक बाहेरच्या युनिटमध्येच राहते. पण यंत्र उष्णता-पंप म्हणून उलट चालू लागले की तोच दाब घरातल्या नळीत येतो. जुन्या आर-२२ वर हात बसलेला कारागीर येथे चुकतो. आर-२२ चा दाब त्याच उन्हात आर-३२ च्या दोनतृतीयांशांहूनही कमी असे, आणि त्या काळी खपून गेलेला ढिला सांधा आता खपत नाही.

म्हणून गॅस सोडण्यापूर्वी नळीत नायट्रोजन भरून तिची परीक्षा घ्यावयाची. आर-३२ च्या यंत्रांना ही परीक्षा साधारणपणे ४० बारांच्या आसपास घेतात. नेमका आकडा यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत असतो व तोच प्रमाण मानावा. दाब एकदम चढवीत नाहीत. आधी पाच बार, थोडे थांबणे, मग पंधरा, पुन्हा थांबणे, मग पुरता. मोठी गळती पाच बारांवरच कळते आणि कोणाला इजा होत नाही. प्रत्येक सांध्याला साबणाचा दाट फेस लावून निरखून पाहावयाचे. सायकलच्या पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावेत, तसाच हा प्रकार आहे. त्याहून जास्त शहाणपणाचा उपाय अजून तरी निघालेला नाही.

नायट्रोजनच का, हवा का नाही, असा प्रश्न येथे कोणी विचारील. हवेत बाष्प असते, ते नळीत शिरते. आणि तेच तर आपल्याला नको आहे. परंतु याहून भयंकर गोष्ट वेगळी आहे. डाख देण्याच्या सामानात ऑक्सिजनची टाकी हाताशीच असते, आणि नायट्रोजनची टाकी आणण्याचा कंटाळा म्हणून कोणी ऑक्सिजननेच नळीची परीक्षा घेऊ पाहतो. कॉम्प्रेसरमध्ये तेल असते. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीचीही वाट न पाहता स्फोट होऊ शकतो, आणि कॉम्प्रेसरचे लोखंडी कवच बाँबसारखे फुटते. यात माणसे मेलेली आहेत. आपल्या गच्चीवर कोणी ऑक्सिजनची टाकी नळीला जोडताना दिसला, तर घरमालकाने संकोच न करता त्याला हाताला धरून थांबवावे. नायट्रोजनच्या टाकीतही दाब १५० बारांच्या घरात असतो. म्हणून मधे दाब कमी करणारा रेग्युलेटर हवाच हवा. तो ‘आज आणला नाही’ असे उत्तर आले तर काम उद्यावर टाकावे हे उत्तम.

डाख देतानाही नळीतून नायट्रोजनची मंद झुळूक वाहती ठेवावी लागते. नाहीतर लाल तापलेल्या तांब्याच्या आतल्या अंगाला हवेमुळे काळी खपली धरते. ती बाहेरून दिसत नाही. पुढे सुटून गाळणीत आणि केसासारख्या बारीक नळीत जाऊन बसते.

दाब भरून ठेवल्यावर काटा उतरला तर गळती आहे असे सरसकट मानतात. तेही बरोबर नाही. बंद नळीतल्या वायूचा दाब तपमानाबरोबर चढतो-उतरतो. समजा, मे महिन्यातल्या दुपारी नळी ४० अंशांवर असताना काटा ४० बारांवर ठेवला आणि रात्रभर तसाच राहू दिला. पहाटे गच्चीवर २५ अंश असतील तर काटा ३८ बारांवर दिसेल. थेंबभरही वायू गळालेला नाही; रात्र थंड होती एवढेच. हिशेब सोपा आहे : काट्याच्या आकड्यात हवेचा एक बार मिळवावा, तपमानात २७३ मिळवावेत, आणि मग त्रैराशिक मांडावे. आमच्या मराठवाड्यात दिवस व रात्र यांच्या तपमानात इतके अंतर पडते की हा हिशेब न जाणणारा मनुष्य चांगल्या नळीला नावे ठेवील, किंवा उलट सकाळी भरून दुपारी पाहिल्यास गळक्या नळीला चांगली म्हणेल. म्हणून दाबाबरोबर तपमानही लिहून ठेवण्याची रीत आहे.

आता ओल. ओल म्हणजे काय हे जालनेकरांना आम्ही सांगावे असे नाही. हे गाव बियाण्यांचे आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स, म्हणजे ‘महिको’, काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पारितोषिक मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. बियाण्याच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे : बियाण्यातली ओल शेकडा एकाने कमी केली की त्याचे आयुष्य दुप्पट होते, आणि कोठीचे तपमान पाच अंशांनी उतरवले की पुन्हा दुप्पट. ठोकताळाच तो, सर्व ठिकाणी तंतोतंत लागू पडत नाही. पण त्याच्या बळावर शीतगृहे उभी राहतात. अशा शीतगृहाचे यंत्र ऐन उन्हाळ्यात बसले तर नुकसान विजेच्या बिलाचे होत नाही. पेरणीच्या वेळी न उगवणाऱ्या बियाण्याचे होते, आणि ते भोकरदन-मंठ्याच्या शेतकऱ्याच्या शेतात दिसते.

ज्या ओलीला आपण बियाण्यात इतके भितो, तीच ओल नळीत राहिली तर यंत्राचा घात करते. नळीत साधी हवा असते, हवेत बाष्प असते; नळीची तोंडे बूच न लावता पावसाळ्यात उघडी पडली असतील तर थेंबही असतात. ही ओल पुढे दोन उपद्रव करते. जेथे शीतकाचा दाब एकदम उतरतो त्या अरुंद जागी, यंत्र शून्याखाली चालत असेल तर, तिचा बर्फ होतो आणि वाट अडते. यंत्र बंद केले की बर्फ वितळतो, म्हणून मेकॅनिक येईपर्यंत सारे ठीक असते! दुसरा उपद्रव सावकाश होणारा, पण जास्त वाईट. आताच्या शीतकांबरोबर जे कृत्रिम तेल वापरतात ते मिठासारखे ओल ओढून घेते, आणि ओल व उष्णता मिळून त्याचे आम्ल होते. ते आम्ल कॉम्प्रेसरच्या तारांवरचे वेष्टण खाते. वर्ष-दोन वर्षांनी कॉम्प्रेसर जळतो, आणि दोष विजेच्या दाबाला दिला जातो.

ओल काढावयाची कशी? नळीत फडका तर घालता येत नाही. त्यासाठी तिला उकळून काढतात, पण विस्तवाने नव्हे. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तपमानावर उकळते. समुद्रकाठी पाणी १०० अंशांवर उकळते. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच, तेव्हा येथे दीडएक अंश आधीच. हाच न्याय पुढे नेला तर, समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर असतो. तो ३२ मिलिमीटरपर्यंत उतरवला की पाणी ३० अंशांवर, म्हणजे हाताला कोमटही न लागता, उकळू लागते. १७५५ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये विल्यम कलन यांनी असा दाब उतरवून ईथर उकळवले आणि त्या थंडीने थोडा बर्फ केला. शीतयंत्रांचे मूळ तेथे आहे. नळी जोडणारा मेकॅनिक व्हॅक्यूम पंप लावतो तेव्हा तो कलनसाहेबांचाच प्रयोग करीत असतो.

या कामाला वेळ का लागतो ते एका हिशेबाने कळेल. एक ग्रॅम पाणी म्हणजे वीसएक थेंब. ते ३० अंशांवर ३२ मिलिमीटर दाबाखाली उकळले तर त्याची ३३ लिटर वाफ होते. दाब अर्ध्या मिलिमीटरवर नेला, आणि चांगले काम तेथवर नेतातच, तर त्याच एका ग्रॅमची वाफ दोन हजार लिटरांहून जास्त होते. एवढी वाफ बोटाएवढ्या नळीतून पंपाने ओढून काढावयाची. पाच मिनिटांत हे होत नाही. शिवाय पाणी उकळताना स्वतःच थंड होते; दाब साडेचार मिलिमीटरांखाली गेला की त्याचा नळीतच बर्फ होऊ शकतो, आणि मग बर्फाची वाफ होण्याची वाट पाहावी लागते. उन्हाळ्यात नळी तापलेली असल्याने काम लवकर आटोपते. डिसेंबरच्या सकाळी तेच काम रेंगाळते. ओल जास्त असल्याचा संशय असेल तर मधे कोरडा नायट्रोजन सोडून पुन्हा निर्वात करतात, असे तीनदा. कोरडा वायू उरलेली ओल टिपून बरोबर घेऊन जातो.

पंप किती वेळ चालला यावरून काम झाले की नाही हे ठरत नाही. साध्या गेजवरूनही ठरत नाही. कारण त्याचा काटा पाच मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर यांतला फरक दाखवू शकत नाही, दोन्ही वेळा तळालाच टेकलेला दिसतो. त्यासाठी वेगळे मापक असते, ज्याला मायक्रॉन गेज म्हणतात. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. ५०० मायक्रॉनच्या खाली गेल्यावर झडप मिटून पंप बंद करावयाचा आणि मापकाकडे पाहत बसावयाचे. आकडा थोडा चढून स्थिरावला तर ठीक. बराच चढून एखाद्या जागी थांबला तर आत ओल आहे, कारण त्या तपमानाला पाण्याची वाफ जेवढा दाब देते तेथे तो थांबतो. आणि न थांबता चढतच राहिला तर बाहेरची हवा आत येत आहे, म्हणजे गळती आहे. एका आकड्याच्या चालीवरून दोन रोगांचे निदान होते, हे आम्हांला या सर्व विषयातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते.

मात्र निर्वात टिकला म्हणून दाबाची परीक्षा टाळता येत नाही. निर्वात नळीवर बाहेरून फक्त एका वातावरणाचा दाब पडतो. चालू यंत्रात आतून तीस पट पडतो. बाहेरून आत ढकलताना बसून राहिलेला फ्लेअर आतून बाहेर ढकलताना तोंड उघडू शकतो.

आपल्याकडे एक झटपट रीत रूढ आहे. बाहेरच्या युनिटमधला थोडा गॅस नळीत सोडायचा, दुसऱ्या टोकाने फस्सकन हवा बाहेर घालवायची, आणि नट आवळून मोकळे व्हायचे. याला ‘गॅसने हवा काढणे’ म्हणतात. यात हवा काही प्रमाणात जाते, ओल जात नाही, आणि कारखान्याने मोजून भरलेला गॅस कमी होतो. आर-३२ तर थोडासा ज्वालाग्राहीही आहे. तो बंद खोलीत सोडणे बरे नव्हे. राहिलेली हवा बाहेरच्या युनिटमध्ये जाऊन बसते, ती द्रव होत नाही, तिचा दाब शीतकाच्या दाबात मिळतो, आणि कॉम्प्रेसरला जन्मभर तेवढे जास्त ओझे ओढावे लागते. गच्चीवरून उडालेल्या गॅसचा हिशेबही सोडून देण्यासारखा नाही. शंभर वर्षांच्या मापाने एक किलो आर-३२ हवेला ६७५ किलो कार्बन डायॉक्साइडइतकी उष्णता धरून ठेवायला लावतो. आर-२२ सुमारे १,८०० किलोंइतकी, आणि आर-४१०ए दोन हजारांहून जास्त. आर-२२ शिवाय ओझोनच्या थरालाही खातो, म्हणून १९८७ च्या माँट्रिअल करारापासून त्याच्यासारख्या वायूंवर बंधने येत गेली. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने नव्या वायूंनाही त्या पंक्तीत बसवले, आणि भारताने २०२१ साली ती मान्य केली. दरसाल ‘गॅस भरणारे’ घर या हिशेबात कोठे बसते ते प्रत्येकाने पाहावे.

राहिले दव. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात तसे थंड नळीलाही येतात; ते पाणी नळीतून पाझरलेले नसते, हवेतले असते. मे महिन्यात जालन्यात पारा ४२ अंशांवर आणि हवेतली आर्द्रता शेकडा १५ असेल तर दव धरण्यासाठी नळी १० अंशांपर्यंत थंड व्हावी लागते. जुलैत हवा २७ अंशांवर उतरते, पण आर्द्रता ८५ होते, आणि मग २४ अंशांची नळीसुद्धा घामेजते. यंत्रे बसतात एप्रिल-मेमध्ये, तेव्हा नळीवरचे वेष्टण कसेही असले तरी भिंत कोरडी राहते; पाऊस लागला की त्याच भिंतीला ओघळ येतात आणि घरमालक गवंड्याला बोलावतो, गच्ची गळते म्हणून.

वेष्टण काळ्या नायट्रिल रबराच्या नळीचे असावे. त्यात हवेचे मिटलेले बारीक कप्पे असतात. दोन्ही नळ्यांना वेगवेगळे वेष्टण हवे. पुष्कळ यंत्रांत दाब उतरवणारी बारीक नळी बाहेरच्या युनिटमध्येच असते, त्यामुळे खोलीकडे येणाऱ्या दोन्ही नळ्या थंड असतात. दोघींना एकाच वेष्टणात बांधले तर एकीची थंडी दुसरी घेते. उष्णता-पंप म्हणून यंत्र चालत असेल तर तीच जाड नळी हिवाळ्यात हात लावू नये इतकी तापते, आणि स्वस्तातला पांढरा फोम तेथे आकसून सांध्यावरची नळी उघडी पाडतो. सांध्यांवरचे वेष्टण मात्र परीक्षा झाल्यावरच चढवावे. आधी चढवले तर साबण लावणार कोठे? एकदा चढवल्यावर प्रत्येक जोड चिकटद्रव्याने मिटवावा. अर्धा इंच फट राहिली तरी दमट हवा तिच्यातून आत शिरते, आत दव धरते, ते बाहेर येऊ शकत नाही. हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी जास्त वाहून नेते, तेव्हा भिजलेले वेष्टण नावालाच वेष्टण राहते.

गच्चीवर उन्हाने हे रबर दोन-तीन वर्षांत तडकते. त्यावर पत्र्याचे किंवा जाड प्लास्टिकचे आवरण घालावे, अगदीच नाही तर उन्हाला टिकणारा रंग द्यावा. भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी नळीवरून आत येत नाही. भोकाची उरलेली जागा बुजवावी, नाहीतर उंदीर त्या वाटेने येतात आणि रबर कुरतडतात. बियाण्याच्या शीतगृहात नळ्या पोत्यांच्या थप्प्यांवरून नेऊ नयेत. तेथे यंत्र बारा महिने चालते. वेष्टणाचा एक जोड उघडा राहिला की श्रावणात त्याखालचे पोते रोज थोडे थोडे भिजते, आणि ते थप्पी हलवीपर्यंत कोणाला दिसत नाही.